वधूवस्त्राची खरेदी

लग्न ठरलें, याद्या झाल्या, तिथि निश्चित झाली, म्हणजे घरांतील वडील मंडळींचें लक्ष प्रथम कार्यालयाकडे आणि त्याच्या खालोखाल बस्त्याकडे वळतें. कार्यालय व आचारी यांचा निकाल दोन दिवसांत लागतो. बस्त्याचें तसें नाहीं. विहीणबाईंची साडी कोणत्या किंमतीची, करवलीची कोणत्या, मागल्या वर्षीं धाकट्या जावेच्या माहेरीं काय दिलें होतें, या गोष्टींचा खल आठ-आठ दिवस चालतो. आणि या गर्दींत, जिच्यासाठीं हा सारा खटाटोप तिच्या लग्नसाडीचा विचार मात्र कित्येकदां अखेरच्या तासाभरांत उरकला जातो. तोहि तिच्याखेरीज इतर सर्वांच्या आवडीनें!

हें कोणास अतिशयोक्तीचें वाटत असेल तर त्यानें ऐन लग्नसराईंत पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर किंवा मुंबईस दादरला एखाद्या मोठ्या दुकानांत घटकाभर बसून पाहावें. साड्यांच्या राशीभोंवतीं सात-आठ बायका बसलेल्या असतात. मावशी म्हणते हिरवी, आत्या म्हणते लाल. भावी सासूबाई कांहींच बोलत नाहींत, परंतु त्यांची नजर किंमतीच्या चिठ्ठीवरून हलत नाहीं. आणि जिचें लग्न ती मुलगी कडेला बसून, "तुम्हांला आवडेल ती घ्या," असें म्हणून मोकळी होते. हें वाक्य ऐकून वडीलधाऱ्यांस धन्यता वाटते खरी. पण आम्हांस विचाराल तर सर्व खरेदींत याच वाक्यापासून अधिक सावध असावें. पुढें ती भारी साडी वर्षानुवर्षें कपाटांत पडून राहते, तेव्हां तिच्या तेथें पडून राहण्याचें कारण बहुधा या एका वाक्यांतच सांपडतें.

या रीतीचें मूळ जुनें आहे. ज्या काळीं आठ-दहा वर्षांच्या मुलीचें लग्न होत असे, त्या काळीं तिनें आपलें वस्त्र आपण निवडावें ही कल्पनाच संभवत नव्हती. लुगडें तिच्याहून लांब. तें काकूनें किंवा आत्यानें नेसवावयाचें, आणि पोरीनें पेंगत पेंगत पाटावर बसावयाचें. शारदा कायद्यानें १९२९ सालीं मुलींच्या लग्नाचें किमान वय १४ वर्षें ठरविलें. १९७८ मध्यें तें १८ झालें. आज आमच्या वाचकांच्या घरांतील मुली पदवी घेऊन, नोकरी करून, पंचविशी ओलांडून बोहल्यावर चढतात. कित्येक जणी लग्नाच्या खर्चांत आपला वांटाहि उचलतात. मुलगी बदलली, तिचें वय बदललें. तिच्यासाठीं वस्त्र निवडण्याची पद्धत मात्र त्या आठ वर्षांच्या मुलीला शोभणारी होती तीच चालूं राहिली, हें आम्हांस विचित्र वाटतें.

लग्नसाडीची परीक्षा लग्नाच्या दिवशीं होत नाहीं. त्या दिवशीं कोणतीहि नवी साडी शोभते. हळदीचें अंग, हिरवा चुडा, मुंडावळ्या आणि चार लोकांची कौतुकाची नजर एवढ्या साहित्यावर साधें सुती लुगडेंहि खुलून दिसतें. परीक्षा पुढें होते. मंगळागौरीला, धाकट्या दिराच्या लग्नांत, बारशाला, दहा वर्षांनीं एखाद्या दिवाळींत ती स्त्री कपाट उघडून आपण होऊन ती साडी काढते कीं नाहीं, यावर ती खरेदी साधली कीं फसली हें ठरतें. तिनें ती काढावी असें वाटत असेल तर दोन गोष्टी हव्यात: निवड तिची असली पाहिजे, आणि जो माल म्हणून ती साडी घेतली तोच माल ती असली पाहिजे. पहिली गोष्ट मनाची आहे. दुसरीला थोडी माहिती लागते, आणि ती सुशिक्षित घरांतूनहि फार विरळा आढळते.

वस्तुतः विधीला लागणारीं वस्त्रें मोजकींच आहेत. गौरीहर पुजतांना व पुष्कळ घरीं मंगलाष्टकांच्या वेळींहि वधू पिवळी साडी नेसते. ती बहुधा मामाकडून येते. हिलाच जुनीं माणसें अष्टपुत्री म्हणतात. आठ पुत्रांची हौस आतां कोणास उरलेली नाहीं, परंतु नांव टिकून आहे. नंतर सासरचा शालू. तो नेसून लाजाहोम, सप्तपदी. संध्याकाळीं स्वागतसमारंभ असल्यास आणखी एक वस्त्र. घराघरांतील चाल थोडी निराळी असते, पण याहून फारसें कांहीं लागत नाहीं. हल्लीं मेंदीचें निराळें, हळदीचें निराळें, साखरपुड्याचें निराळें अशी जी भर पडत चालली आहे ती शास्त्राची नसून छायाचित्रकाराची आहे!

बाजारांत जाण्यापूर्वीं घरांतील जुन्या पेट्या उघडून पाहाव्या, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. पणजीची किंवा आजीची एखादी पैठणी तळाशीं असण्याचा संभव असतो. पूर्वींच्या जरींत चांदी व तिच्यावर सोन्याचा मुलामा असे. म्हणून अडचणीच्या दिवसांत किती तरी घरांतील पैठण्या जाळून त्यांतील चांदी-सोनें काढलें गेलें, आणि किती तरी जुन्या जरीवाल्यांनीं भांड्यांच्या मोबदल्यांत उचलून नेल्या. त्यांतून जी वांचली असेल ती घरचें धन समजावें. तिचें रेशीम घड्यांवर चिरलें असेल तर ती नेसतां येणार नाहीं, हें खरें. पण पदर व कांठ धड असले तर ते नव्या रेशमी कापडावर बसवून देणारे कारागीर मिळतात. नव्या साडीपेक्षां हा खर्च कमी येतो, आणि मुलीच्या अंगावर पणजीचा पदर येतो.

आतां पैठणीविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. कारण आजकाल मराठी वधूची पहिली मागणी तीच असते, आणि फसवणूकहि तींतच अधिक होते.

पैठणीचें नांव गोदाकांठच्या पैठणावरून पडलें, हें सर्वांस ठाऊक आहे. सातवाहनांची ही राजधानी, तेव्हांचें प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक ग्रंथांत पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील हल्लींचें तेर, या दोन पेठांचा उल्लेख आहे. मौज अशी, कीं त्या ग्रंथाप्रमाणें पैठणहून भडोचला जात ते अकीकासारखे दगड, आणि तलम कापड जाई तें तगरहून! पैठणच्या अभिमान्यांनीं याबद्दल राग मानूं नये. मधल्या शतकांत त्यांनीं ती कसर पुरेपूर भरून काढली. आज पैठणांत माग आहेत, परंतु धंद्याचें मुख्य ठाणें म्हणजे नाशिक जिल्ह्यांतील येवलें. मनमाडहून अहिल्यानगरकडे जातांना हें गांव लागतें; तेथें विणकरांच्या घरांत माग असतात आणि पुष्कळ जण घरींच विक्रीहि करतात. ज्यांना सवड आहे त्यांनीं मुलीला घेऊन एकदां तेथें अवश्य जावें. साडी घ्यावी न घ्यावी हा पुढला प्रश्न. पण माग चालतांना पाहिल्यावर पैठणी महाग कां हें दुकानदारानें सांगावें लागत नाहीं.

खऱ्या पैठणीचें मर्म तिच्या पदरांत व कांठांत आहे. अंगाच्या विणीला एक धोटा, दोन्ही कांठांना जरीचे दोन निराळे धोटे, असे तीन धोटे चालतात, आणि अंगाचा धागा व कांठाचा धागा प्रत्येक ओळीला सांध्यावर एकमेकांत अडकवून मागें वळविले जातात. पदरावर काम याहून किचकट. तेथें जमीन जरीची असते आणि तिच्यांत मोर, मुनिया, कमळ, असावलीची वेल हीं रंगीत रेशमानें भरावयाचीं. प्रत्येक रंगाची लहानशी कांडी निराळी. विणकर उभे धागे मोजून ती तेवढ्याच जागेंतून काढतो, शेजारच्या रंगांत अडकवतो आणि परत फिरवतो. एका आडव्या ओळींत अशा कित्येक कांड्या फिरतात, तेव्हां पदर एक धागा पुढें सरकतो. साध्या पदराची साडी उतरण्यास महिना-दीड महिना जातो. पदर भरगच्च आणि अंगभर बुट्टे असले तर सहा महिने, वर्ष, कधीं त्याहूनहि अधिक. अंगाच्या रंगाची जी धूपछांव आपण वाखाणतों ती मात्र युक्तीची गोष्ट आहे: ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, एवढेंच.

या विणीमुळेंच खरी पैठणी ओळखणें सोपें झालें आहे. पदर उलटा करावा. हातानें विणलेल्या पदराची मागली बाजू पुढल्यासारखीच दिसते. मोर तेथेंहि मोरच असतो, फार तर एखाददुसरें धाग्याचें टोंक हाताला लागेल. यंत्रमागाच्या नकलेंत मोराचा रंगीत धागा नक्षी संपल्यावर मागच्या बाजूनें लोंबत पुढल्या मोरापर्यंत जातो, किंवा तो कापून टाकलेला असून त्याचे बारीक तुसे राहिलेले असतात. कित्येक ठिकाणीं ही मागली बाजू दिसूं नये म्हणून तिला जाळीचें अस्तर शिवून ठेवतात, आणि अस्तर हें साडीच्या टिकाऊपणासाठीं आहे असें सांगतात! अस्तर शिवलेला पदर दिसला कीं तें उसवून दाखवा म्हणावें. दुसरी खूण कांठाच्या सांध्याची. तेथें दोन रंगांचे धागे एकमेकांत गुंतलेले दिसले पाहिजेत. येवल्यांतहि हातमागावर जॅकार्ड बसवून कांठ व बुट्टे विणतात. ती साडी हातमागाचीच, आणि दिसण्यांतहि सुंदर असते, परंतु ती लवकर उतरते आणि तिची किंमत त्या मानानें कमी असली पाहिजे. हा भेद विचारल्याखेरीज कोणी सांगत नाहीं.

शिक्क्यांविषयींहि घोटाळा फार. रेशीम-मार्क नांवाचें जें चिन्ह साडीला लावलेलें असतें, तें केंद्रीय रेशीम मंडळाच्या आधारानें २००४ सालीं सुरू झालें. त्याचा अर्थ एवढाच, कीं धागा शुद्ध रेशमाचा आहे. साडी हातानें विणली कीं यंत्रानें, याविषयीं तें चिन्ह एक अक्षरहि सांगत नाहीं. शुद्ध रेशमाची यंत्रमागावरील साडी तें चिन्ह हक्कानें लावूं शकते, आणि गिऱ्हाईक तेंच पाहून हातमागाची किंमत मोजून येतें. हातमागासाठीं हँडलूम-मार्क हें चिन्ह निराळें आहे. तें २००६ पासून मिळूं लागलें. पैठणीला भौगोलिक निर्देशनाचें संरक्षणहि मिळालेलें आहे, म्हणजे दुसऱ्या प्रांतांत विणलेल्या मालास तें नांव देतां येत नाहीं. कायदा असा आहे. बाजारांत काय चालतें तें वाचकांनीं पाहिलेंच असेल.

जरीचा प्रश्न तर या दोन्ही चिन्हांच्या बाहेरचा. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार व तिच्यावर सोन्याचा मुलामा. तिच्याखालीं 'टेस्टेड' म्हणून विकली जाणारी तांब्याची जर, आणि सर्वांत शेवटीं प्लास्टिकची. आज हातमागावरील पुष्कळ पैठण्यांतहि खरी जर नसते, आणि नसली म्हणून साडी खोटी ठरत नाहीं. फक्त चांदीची किंमत घेऊन तांबें दिलेलें नसावें. यावर आमच्या माहितींतला एकच चांगला उपाय आहे. पावतीवर 'हातमाग, शुद्ध रेशीम, जर अमुक प्रकारची' हे शब्द दुकानदाराच्या हस्ताक्षरांत लिहून मागावे. तोंडानें शपथा वाहणारा दुकानदार लिहून देतांना कांकूं करूं लागला, म्हणजे साडीची घडी घालून परत द्यावी. वाईटपणा येत नाहीं. आला तरी तो त्याच्या वांट्याचा.

आणि हें कांहींच न समजलें तरी एक हिशेब घरबसल्या करतां येतो. एक माणूस महिना-दीड महिना मागावर बसला. त्याच्या मदतीला घरचीं दोन माणसें कांड्या भरीत होतीं. त्या दिवसांची मजुरी धरा, रेशमाची व जरीची किंमत धरा, व्यापाऱ्याचा नफा धरा. भरल्या पदराची पैठणी तीन-चार हजारांत मिळते असें कोणी सांगूं लागला तर ही बेरीज त्यांत कशी बसते, एवढेंच स्वतःस विचारावें. बसतच असेल, तर विणकराला काय मिळालें हा प्रश्न उरतो, आणि तो अधिकच अस्वस्थ करणारा आहे.

यंत्रमागाची साडी घेण्यांत कमीपणा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ऐपत तेवढी असेल तर तीच घ्यावी, आणि यंत्रमागाची म्हणून, यंत्रमागाच्या किंमतीनें घ्यावी. परंतु थोडे पैसे अधिक टाकतां येत असतील, तर भरगच्च नकलेपेक्षां अरुंद कांठाची, साध्या पदराची, अंगावर तुरळक बुट्टे असलेली खरी पैठणी केव्हांहि चांगली. ती हलकी असते, चापूनचोपून बसते, आणि चाळिशींतहि नेसतां येते. भरजरी पदराचें वजन विशीपंचविशींत हौसेनें पेललें जातें. पुढें खांद्याला तें नको होतें.

शालूची गोष्ट थोडक्यांत सांगतों. आपण ज्याला शालू म्हणतों तो बहुधा बनारसचा किनखापी वाणाचा. तेथेंहि मागली बाजूच बोलते. एकेक बुट्टा निराळ्या कांडीनें भरलेला असला तर त्याला कढुआ म्हणतात. त्याच्या मागें धागे लोंबत नाहींत. धागे आरपार सोडून मग कात्रीनें कापलेले असले तर तो दुय्यम प्रकार, आणि त्याचे बुट्टे काळांतरानें सुटूंहि लागतात. अंगठी किंवा बांगडी बुट्ट्याच्या मागें अडकते काय तें पाहावें. नव्या नवरीच्या हातांत बांगड्यांना तोटा नसतो.

वस्त्र दुकानाच्या गादीवर पसरून निवडण्याची रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं. तें नेसून पाहिलें पाहिजे. खांद्यावर पदर टाकून आरशांत पाहणें म्हणजे नेसणें नव्हे. नेसून पाटावर मांडी घालून बसावें, उठावें, चार पावलें चालावें. लग्नाच्या दिवशीं वधूला हेंच तर करावयाचें असतें, तेंहि वैशाखांत, होमाच्या धुरांत, उपाशी पोटीं! आणि होमाचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतों: नायलॉन-पॉलिएस्टरची चकचकीत साडी नेसून मुलीला अग्नीजवळ बसवूं नये. रेशीम सहजीं भडकत नाहीं. हे कृत्रिम धागे वितळून कातडीला चिकटतात. लाजाहोमांत लाह्या टाकतांना पदर किती पुढें येतो हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना अधिक सांगणें नको.

रंगाचें म्हणाल तर साडी दुकानाच्या दाराशीं आणून दिवसाच्या उजेडांत पाहावी. आंतील दिव्यांखालीं मोरपंखी व हिरवा, जांभळा व किरमिजी यांत चूक सहज होते. धूपछांवीच्या साडींत तर विशेषच. मुलीच्या वर्णाला अमुक रंग चालत नाहीं, असें पांच जणींच्या देखत बोलण्याची जी आपल्याकडे खोड आहे, ती त्या दिवसापुरती तरी आवरावी. गव्हाळ वर्णावर किरमिजी, गर्द हिरवा, आमसुली हे रंग जितके खुलतात तितके गोऱ्या वर्णावरहि खुलत नाहींत, असें आमचें मत आहे. पण आमच्याहि मतापेक्षां आरशांत पाहतांना मुलीचा चेहरा काय सांगतो तें पाहावें.

नऊवारी नेसावयाची असेल तर एक सूचना. नऊवारी म्हणजे सुमारें ८.२ मीटर, सहावारी सुमारें ५.५ मीटर. दुकानांतील बहुतेक पैठण्या सहावारीच असतात. नऊवारी हवी तर आधीं सांगून विणून घ्यावी लागते. अलीकडे शिवलेली नऊवारी निघाली आहे. विजारीसारखी पाय घालून चढवावयाची. तिची आम्ही चेष्टा करीत नाहीं. ज्या मुलीनें उभ्या जन्मांत काष्टा घातला नाहीं तिला ती सोयीची आहे. परंतु हातमागाची पैठणी कधींहि कापून शिवूं नये. एकदां कात्री लागली कीं ती साडी राहत नाहीं. मुलगी चार शेर अंगानें भरली कीं निरुपयोगी, आणि दुसऱ्या कोणाला देतांहि येत नाहीं. शिवावयाची तर स्वस्त रेशमाची शिवावी, अथवा दिवसापुरती भाड्यानें आणावी. खरी नऊवारी असेल तर घरांतल्या आजींना बोलवावें. दोन दुपारीं सराव केला तर ओचा, निऱ्या, काष्टा सगळें जमतें, आणि आजींच्या त्या दोन दुपारी फार आनंदांत जातात.

पैशाचा प्रश्न आम्हीं मुद्दाम मागें ठेवला होता. सासरचा शालू सासरच्यांनीं निवडावा ही रीत. तींत सासूबाईंची हौस असते, आणि ती मोडावी असें आम्ही म्हणणार नाहीं. पण रकमेचा आंकडा मोकळेपणानें सांगून, मुलीला बरोबर घेऊन, फार तर आणखी दोघी मिळून दुकानांत जावें. आठ जणींत मुलीला "नको" म्हणतां येत नाहीं. तिघींत म्हणतां येतें. आमच्या परिचयाच्या एका घरीं सासूबाईंनीं भावी सुनेला पाकीट हातांत देऊन सांगितलें, कीं यांत बसेल तें तूं आण, मला लग्नांतच दाखव. मुलीनें अंजिरी रंगाची साधी पैठणी आणली आणि उरलेल्या पैशांत सासूबाईंसाठीं एक इरकली. दोघींच्या त्या साड्या अजून नेसण्यांत आहेत.

खरें ओझें आहे तें मानपानाच्या साड्यांचें. वधूपित्यानें वीस-तीस साड्या घ्यावयाच्या, त्या घेणारीला आवडावयाच्या नाहींत, आणि तिनें त्या पुढल्या लग्नांत दुसऱ्या कोणाला द्यावयाच्या. अशी एक साडी चार घरें फिरून मूळ देणारीच्याच हातीं परत आलेली आम्हीं पाहिली आहे. घडी मोडलेली नव्हती! या तीस साड्यांचा खर्च एकत्र केला तर त्यांत मुलीचें वस्त्र खऱ्या मालाचें होतें आणि बापाला कर्ज काढावें लागत नाहीं. दोन्ही घरच्यांनीं याद्यांच्या वेळींच 'मानपान नारळ व खण' असें लिहून टाकलें तर कोणाचाहि अपमान होत नाहीं, कारण मग तो सर्वांचा सारखाच होतो. ज्यांना दिल्याशिवाय राहवतच नाहीं त्यांनीं दोन-चार जवळच्या बायकांनाच द्यावें, आणि तें नेसण्याजोगें द्यावें. विदर्भांतील करवतीच्या दांत्यांसारख्या कांठाची टसर करवती, इरकली, नारायणपेठी या साड्या अशा कामास फार चांगल्या.

वराच्या पोशाखाविषयीं लिहिण्यासारखें थोडेंच आहे. विधीपुरतें रेशमी सोवळें व उपरणें त्याला पुरतें. तो जो एका संध्याकाळसाठीं जड भरतकामाचा लांब अंगरखा शिवून घेतो, तो पुन्हां कधीं घालतो काय, हें आमच्या भगिनींनीं आपापल्या घरीं विचारून पाहावें.

खरेदीस वेळ किती हवा? विणून घ्यावयाची असेल तर सहा-आठ महिने आधीं सांगावें. मार्गशीर्षापासून पुढें विणकरांकडे गर्दी वाढते. तयार घ्यावयाची तरी महिना-दीड महिना आधीं घ्यावी, म्हणजे फॉल-पिको व पोलकें यांची घाई होत नाहीं. पोलक्याच्या शिवणींत दोन्ही बाजूंस बोटभर माया ठेवण्यास सांगावें. लग्नानंतर साडी वाऱ्यावर, सावलींत दोन तास पसरून मग मऊ धुतलेल्या मलमलींत गुंडाळून ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवींत ठेवूं नये, जर काळी पडते. अत्तर किंवा सुगंधी फवारे जरीवर उडवूं नयेत, आणि डांबराच्या गोळ्या साडीला लागतील अशा ठेवूं नयेत. तीन-चार महिन्यांनीं घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी. एकाच घडीवर राहिलेली जर तेथेंच तुटते.